सदतीस नंबरच्या चुका

जानेवारीच्या दोन तारखेला सकाळी आठ वाजता पोस्टाची खिडकी उघडली, तेव्हा रांगेत पहिला वेंडेल हाल्वर्सन होता. त्याच्या मागे कुणीच नव्हतं, तरी तो रांगेतच उभा होता. सोळा वर्षं हा नेम चालला होता. केप टॅलबटच्या सरकारी उद्यानात उन्हाळ्यात तंबू ठोकायचा तर अर्ज टपालानं करावा लागे. दोन जानेवारीच्या आधीचा शिक्का असला की अर्ज परत येई आणि नंतरचा असला की जागा दुसऱ्याला जाई. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"पुन्हा टॅलबट? एखाद्या वर्षी डोंगरात जा की!"

"तुम्ही शिक्का तेवढा नीट मारा. गेल्या वर्षी तारीख फिकी उठली होती," वेंडेल म्हणाला.

अर्जात जागेच्या क्रमांकासाठी तीन रकाने होते. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. वेंडेलनं तिन्ही रकान्यांत सदतीस लिहिलं होतं. आपल्याला काय हवंय ते माणसाला ठाऊक असावं, असं त्याचं मत होतं. तो जिल्ह्याच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होता. पेट्रोलपंपांचे गॅलन आणि खाटकांचे तराजू तपासण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. घरी त्यानं पाव कापला तर दोन्ही अर्धुकं सारखी निघत. त्याची बायको लोरेन चारचौघांत सांगायची, "लग्नाची अंगठीसुद्धा ह्यानं आधी तोलून पाहिली आणि मग घातली." हे खरं होतं. फक्त तो तराजू कामावरचा नव्हता, घरचा होता, एवढी दुरुस्ती वेंडेल दरवेळी करत असे.

आता सदतीसच का, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगण्यासारखंही नव्हतं. टॅलबटला तंबूच्या प्रत्येक जागेत कंदील टांगायला, बुंध्याला डांबर फासलेला देवदाराचा एक उंच खांब होता. बहात्तर सालच्या ऑगस्टमध्ये दोन वर्षांची मॅरिट, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, सदतीस नंबरच्या खांबाला टेकून पहिल्यांदा एका जागी दहा सेकंद स्थिर उभी राहिली. वेंडेलच्या खिशात चुका होत्या. चांभार जोड्याला मारतो तसल्या बारीक पितळी चुका. तराजूच्या पेटीवर पट्टी मारायला तो त्या जवळ बाळगत असे. त्यानं मुलीच्या डोक्यावर पाणसळ धरली, बुडबुडा मधोमध आणला आणि टाळूच्या रेषेत एक चूक खांबात ठोकली.

तेव्हापासून दरवर्षी एक चूक. फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, की उद्यानातल्या झाडांना आणि खांबांना खिळे मारणं हा गुन्हा आहे. उभ्या आयुष्यात वेंडेलनं रस्ता चुकीच्या जागी ओलांडला नव्हता. पण वर्षातून एकदा, ऑगस्टमधल्या एका सकाळी, हा माणूस हातोडी कोटाखाली लपवून सरकारी खांबाजवळ जाई. लोरेन वळणावर पहारा देई. रेंजरची गाडी दिसली की तिनं चर्चमधलं एक गाणं मोठ्यानं म्हणायचं, अशी खूण ठरली होती. लोरेनचा आवाज असा होता, की चर्चमधल्या लोकांनी तिला प्रेमानं भांडी घासायच्या कामावर घेतलं होतं. त्यामुळे खूण चुकायचा प्रश्न नव्हता. सत्त्याहत्तर साली गाणं सुरू झालं आणि त्याच वेळी हातोडी पडली. ती चूक वाकडी बसली आणि वेंडेलचा अंगठा पंधरा दिवस निळा होता.

सोळा वर्षांत सोळा चुका झाल्या. हे वर्ष अठ्ठ्याऐंशीचं होतं. मॅरिट अठरा वर्षांची झाली होती आणि टॅलबटहून परतल्यावर येणाऱ्या गुरुवारी बॉस्टनला कॉलेजात जाणार होती. बॉस्टन तीन हजार मैलांवर. कॉलेजचं पत्र एप्रिलमध्ये आलं होतं. तेव्हापासून वेंडेल तिला काहीतरी सांगायचं म्हणून तिच्या खोलीच्या दाराशी जाई, बिजागरीला तेल घाली आणि परत येई. ऑगस्टपर्यंत त्या दाराला एवढं तेल पाजून झालं होतं, की ते वाऱ्यानंही उघडायला लागलं. बोलणं काही झालं नाही. सतरावी चूक ठोकली की सगळं आपोआप बोलून होईल, अशी त्याची समजूत होती, आणि ह्या एका गोष्टीसाठी तो जानेवारीत अर्ज टाकल्यापासून आठ महिने तारखा मोजत होता.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे क्लाइड प्रुइट कुंपणावरून आत आले. ते निवृत्त होते आणि त्यांच्याकडे अंघोळीची सोय असलेला ट्रेलर होता, त्यामुळे त्यांना सगळं कळत असे.

"वेंडेल, ह्या वयात तंबू? जमिनीवर झोपणार तू? तुझी कंबर तुला माफ करेल, पण लोरेन नाही करायची."

"सोळा वर्षं तोच तंबू आहे, क्लाइड."

"तेच तर म्हणतोय मी! त्याला वास बघ कसला येतोय. ह्या वासानं अस्वलंसुद्धा घर बदलतील. आणि हे गाडीच्या टपावर काय बांधलंयस? सगळं वजन डावीकडे! वजनमापेवाला ना तू? सोड, सोड त्या दोऱ्या."

वजनाच्या बाबतीत कुणी बोललेलं वेंडेलला सहन होत नसे. पण क्लाइडनी तोवर दोऱ्या सोडल्याही होत्या. त्यांनी सगळं सामान खाली उतरवलं, आपल्या गॅरेजात नेलं, शास्त्रोक्त पद्धतीनं पुन्हा लावलं आणि टपावर चढवलं. समोरच्या मिसेस ओडेगार्ड हात पुसत बाहेर आल्या आणि रॅकून हे चोरटे प्राणी कुलूपसुद्धा उघडतात, आपल्या बहिणीचा केक त्यांनी असाच नेला, एवढं सांगून आत गेल्या. मॅरिट पायरीवर बसून सगळं बघत होती.

"बाबा, क्लाइडकाकांनाच पाठवू या का टॅलबटला? आपण घरी राहू."

"तू उंच झालीस का गं?" वेंडेलनं एकदम विचारलं.

"मोजायच्या आधी विचारायचं नाही. तुमचाच नियम आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास ते टॅलबटला पोचले. ओरेगनच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये असतं तसंच सगळं होतं. म्हणजे समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता. धुक्याचे थेंब झाडांवरून टपटप पडत होते. फाटकावरच्या चौकीत रेंजर टिलमन नावाची पंचविशीची तरतरीत मुलगी बसली होती. तिनं कागद तपासला.

"सदतीस. तीन दिवस. छान! सरळ जा, संडासापाशी डावीकडे वळा."

"सदतीस उजवीकडे आहे. टेकाडाखाली," वेंडेल हसून म्हणाला. पोरगी नवीन आहे, शिकेल, असा भाव त्या हसण्यात होता.

"तो जुना सदतीस, साहेब. वसंतात आम्ही सगळ्या जागांना नवे क्रमांक दिले. जुना सदतीस आता ब-चौदा झाला. तुमचा सदतीस हा नवा सदतीस."

"मी अर्ज जुन्या सदतीससाठी केला होता."

"अर्जात तसं लिहिलंय का?"

अर्जात तीन वेळा सदतीस लिहिलेलं होतं. जुना की नवा, हे एकदाही लिहिलेलं नव्हतं. पंचवीस वर्षं लोकांना मोघम लिहिण्याबद्दल दंड करणाऱ्या माणसानं कागद परत घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. मागून लोरेन हळूच म्हणाली, "चल, वेंडेल. संडास जवळ आहे, ह्यातही सोयच आहे." नवा सदतीस संडासाच्या दारासमोर होता. ते दार दर चार मिनिटांनी आपटत होतं. वेंडेलनं घड्याळ लावून पाहिलं.

सामान तसंच टाकून तो पाय मोकळे करायला म्हणून थेट ब-चौदाकडे गेला. टेकाड तेच होतं, वाकलेलं झाड तेच होतं, झऱ्याचा आवाजही तोच होता. तिथे एका लठ्ठ गृहस्थानं झोका बांधला होता आणि त्यात तो पोटावर पुस्तक ठेवून पहुडला होता. झोक्याचं एक टोक ज्या खांबाला बांधलं होतं, तो खांब लोखंडी होता. नवाकोरा, हिरवा रंग दिलेला.

"इथला लाकडी खांब कुठे गेला?" वेंडेलनं विचारलं.

"मी आलो तेव्हा हाच होता, भाऊ. का? काही टांगायचंय?"

वेंडेलनं हिरव्या खांबावरून बोट फिरवलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्या जागांत हिरवे लोखंडी खांब उभे होते. तो तसाच चौकीवर गेला.

"जुने खांब ना? मार्चमध्ये काढले," रेंजर टिलमन म्हणाली. "बुंध्याशी कुजायला लागले होते. नियमानुसार विल्हेवाट लावली."

"विल्हेवाट म्हणजे नेमकं काय केलं?"

"ते यादीत असेल. यादी राजधानीच्या कचेरीत आहे. तुम्ही पत्र टाका, सहा आठवड्यांत उत्तर येतं."

"सहा आठवड्यांनी माझी मुलगी बॉस्टनला असेल!"

खांबाचा आणि बॉस्टनचा संबंध काय, ते रेंजरला कळेना. सांगावं तर गुन्हा कबूल करावा लागणार. वेंडेल नुसतं म्हणाला, "आभारी आहे." परत येताना त्याला वाटेत दोनदा थांबावं लागलं. धुक्यामुळे चष्मा ओला झाला होता, असं तो नंतर म्हणाला.

"गेला?" लोरेननं त्याचं तोंड बघून विचारलं. त्यानं मान हलवली. मॅरिटनं तंबूच्या काठ्यांची पिशवी ओढली आणि उघडली.

"बाबा," ती म्हणाली, "आपण बॅडमिंटन खेळणार आहोत का?"

पिशवीत बॅडमिंटनच्या जाळीचे दोन खांब, जाळी आणि चार फुलं होती. तंबूच्या काठ्या क्लाइड प्रुइटांच्या गॅरेजात शास्त्रोक्त पद्धतीनं उभ्या होत्या. वेंडेलनं क्लाइडविषयी एक वाक्य उच्चारलं. ते त्यानं अठरा वर्षांत मुलीसमोर उच्चारलेलं नव्हतं. मॅरिट खूष झाली.

मग त्यांनी बॅडमिंटनच्या खांबांवर तंबू उभारायचा प्रयत्न केला. तंबू गुडघ्याएवढा उभा राहिला आणि निजला. गाडीच्या टपापासून झाडापर्यंत दोरी बांधून त्यावर तो वाळत घातला, तेव्हा त्याला तंबूसारखं काहीतरी रूप आलं. संडासाकडे जाणारा प्रत्येक माणूस थांबून सल्ला देत होता आणि येताना दुसरा सल्ला देत होता. एका बाईंनी तर लोरेनला विचारलं, की तुमचं नेसूचं धुऊन झालं असेल तर दोरी मिळेल का. ह्या धांदलीत निळ्या पाखरांनी सॉसेजची पिशवी फोडली. तीन पाखरं झाडावर बसून आळीपाळीनं खात होती आणि मधूनमधून वेंडेलकडे बघून ओरडत होती.

चार वाजेपर्यंत तिघंही भिजून गारठली होती. निदान शेकोटी तरी आपण धड पेटवू, असं वेंडेलनं ठरवलं. एका काडीत शेकोटी पेटवणं ही त्याची शेवटची उरलेली इज्जत होती. उद्यानात पडलेलं लाकूड उचलायला बंदी असल्यामुळे तो बर्नीसकडे गेला. बर्नीस ही तिथे उन्हाळाभर नवऱ्यासह ट्रेलर लावून राहणारी, येणाऱ्याजाणाऱ्यांची फुकट उस्तवार करणारी साठीची बाई होती. तिच्या दाराशी सुतळीनं बांधलेले लाकडांचे भारे रचले होते. प्रत्येक भाऱ्यावर खडूनं एक आकडा होता.

"नंबर काय तुमचा?" बर्नीसनं विचारलं.

"सदतीस. म्हणजे हल्लीचा सदतीस," वेंडेल कडवटपणे म्हणाला.

"मग हा घ्या, सदतीस नंबरचा भारा. ज्याच्या त्याच्या नंबरचा मी ज्याला त्याला देते. नाहीतर लोक मोठा भारा शोधत बसतात आणि भांडतात. अहो, नवऱ्यानं कापताना आकडे घालून ठेवलेत, त्यांचा तेवढा तरी उपयोग! खडखडीत लाकूड आहे. चांगलं मुरलेलं. आणि ही पावती जपून ठेवा हं, रेंजरबाई विचारतात."

भाऱ्यात हातभर लांबीचे पाच ओंडके होते, वरून राखाडी, आतून लालसर. दोघांना डांबराचा वास होता. ते झटकन पेट घेतील म्हणून वेंडेलनं आधी तेच रचले, खाली सालपटं सरकवली आणि काडी ओढली. एका काडीत ज्वाळ उठली. दिवसभरात पहिल्यांदा त्याची मान ताठ झाली. संडासाकडे निघालेला एक माणूस "वा!" म्हणाला. वेंडेलनं ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि मिशीत हसला.

तासाभरानं त्यानं तिसरा ओंडका उचलला आणि किंचाळला. तळहातात काहीतरी घुसलं होतं. रक्ताचा मोठा थेंब आला. त्यानं ओंडका उलटा करून पाहिला, तर एका बाजूला ओळीनं खिळे! राखाडी लाकडात काळवंडलेली खिळ्यांची बारीक डोकी, आणि त्यातलं एक वाकून बाहेर आलेलं.

दिवसभर साठलेलं सगळं आता बाहेर पडलं. "हे जळाऊ लाकूड म्हणून विकतात? खिळ्यांसकट? उद्या एखाद्या पोराच्या डोळ्यात उडालं तर? मी सरकारी माणूस आहे, मी हे खपवून घेणार नाही! लोरेन, तू आग चालू ठेव, विझू देऊ नकोस. मी तक्रार नोंदवून येतो."

"वेंडेल, आधी हाताला पट्टी तर..."

"आधी तक्रार!" असं म्हणून तो ओंडका काखेत मारून निघाला. मॅरिट पट्टी घेऊन त्याच्या मागे धावली.

रेंजर टिलमननं ओंडका टेबलावर ठेवून घेतला आणि तीन प्रतींचा अर्ज काढला. खिळ्यांबाबत तिचंही मत फार कडक होतं.

"चुका आहेत ह्या, पितळी. किती आहेत?"

"सहा," वेंडेलनं मोजून सांगितलं. तिनं आकडा लिहिला.

"दरवर्षी कुणीतरी सरकारी लाकडात असले उद्योग करतं, साहेब. सापडला तर मी सोडणार नाही त्याला."

"सोडूच नका! असल्या माणसाला घरी कुणी वळण लावलं नसणार. बायकोनं तरी सांगायला नको? आणि मुलंबाळं असतील तर ती काय शिकत असतील?"

दाराशी उभी असलेली मॅरिट ओंडक्याकडे बघत होती. तिचे डोळे मोठे झाले. "बाबा," ती म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस, मॅरिट. इथे सही करायची ना?" वेंडेलनं झोकात सही केली. रक्ताचा एक ठसाही उमटला, त्यामुळे तक्रारीला वजन आलं.

"एक रकाना राहिला," रेंजर म्हणाली. "हानीचं वर्णन. काय लिहू? 'चुका कशाही वेड्यावाकड्या ठोकलेल्या आहेत'?"

वेंडेलनं ओंडका डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला आणि सवयीनं ओळ तपासली. मोजमापाच्या बाबतीत चुकीचं काही लिहिलं जाणं त्याला शक्यच नव्हतं, मग ते गुन्हेगाराच्या विरुद्ध का असेना.

"वेड्यावाकड्या नाहीत हं," तो म्हणाला. "सरळ ओळंब्यात आहेत. एक केसभर इकडची तिकडे नाही. ज्यानं कुणी केलंय, त्याचा हात मापात आहे. फक्त ही एक तेवढी वाकडी..."

त्यानं त्या वाकड्या चुकेवर आपला अंगठा ठेवला. सत्त्याहत्तर साली निळा झाला होता तोच. भाऱ्यावरचा खडूचा सदतीस त्याच्या डोळ्यांपुढे आला. भारे जुन्या खांबांचे होते आणि आकडे जुन्या जागांचे. अर्जात त्यानं तीन वेळा सदतीस लिहिलं होतं आणि खात्यानं त्याला सदतीसच दिला होता, सुतळी बांधून, पावतीसकट. त्यातले दोन ओंडके त्यानं स्वतः, एका काडीत, जाळले होते. आणि उरलेले दोन लोरेनच्या हाती देऊन तो तिला सांगून आला होता, की आग विझू देऊ नकोस!

"टाकू नको!" वेंडेल ओरडला. चौकीत नाही, रस्त्यावर, कारण तोवर तो धावायला लागला होता. पन्नाशीचा वजनमापे निरीक्षक काखेत ओंडका घेऊन, हातातून रक्त गळत, "टाकू नको, लोरेन, टाकू नको!" असं ओरडत सगळ्या तळातून धावला. त्याच्या मागे मुलगी आणि तिच्या मागे रेंजर. लोकांना काय ते उमगलं नाही, पण कुठेतरी आग लागली असावी एवढं उमगलं. संडासातून एक गृहस्थ भरलेली बादली घेऊनच बाहेर पडले. बाहेर समोरच एक शेकोटी दिसत होती, तिच्यावर त्यांनी बादली उपडी केली. एवढ्यानं भागेना म्हणून दुसऱ्या एकानं उरलेली कॉफीही ओतली. दोरीवरचा तंबू ह्या गर्दीत कुणाच्या तरी पायात आला आणि निजला तो निजलाच.

धूर निवळला तेव्हा लोरेन खुर्चीवर बसलेली दिसली. डोक्यापासून पायापर्यंत राखेचं पाणी निथळत होतं. मांडीवर दोन ओंडके होते, तिच्या स्वेटरात गुंडाळलेले.

"तू... ओळखलंस?" वेंडेलला धाप लागली होती.

"तू गेल्याबरोबर. ह्याच्यात आठ आहेत आणि ह्या वरच्यात दोन."

"मग हाक नाही मारायची?"

"तू तक्रार करायला निघाला होतास. वाटेतच स्वतःला पकडशील असं वाटलं," लोरेन म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

लोक पांगले. वेंडेलनं तिन्ही ओंडके एकावर एक उभे केले. सहा, आठ आणि दोन, सोळाच्या सोळा चुका पुन्हा एका ओळीत आल्या. पण सगळ्यांत वरची चूक त्याच्या कमरेएवढी आली. त्यानं टेप काढला, मोजलं आणि टेप हातातून सोडून दिला.

"खालचे बत्तीस इंच गेले," तो म्हणाला. "मी जाळले. आता हे माप राहिलं नाही. आधार गेल्यावर माप कसलं? आठ महिने... मला तुला एवढंच एक..." राखेत उभा राहून तो सरळ रडला. मुलीसमोर तो कधी रडला नव्हता. पण आज क्लाइडविषयीचं वाक्यही बोलून झालं होतं.

मॅरिटनं बूट काढले. मग ती त्या ओल्या जमिनीवर, ओंडक्यांना पाठ लावून, मांडी घालून ताठ बसली. सगळ्यांत वरची चूक तिच्या टाळूच्या जरा खाली आली.

"घ्या," ती म्हणाली. "पायांनी मी जाणार आहे बॉस्टनला. वरची मोजा."

वेंडेलनं खिशातून पाणसळ काढली. ती तिच्या डोक्यावर धरली, पण बुडबुडा जागेवर येईना. शेवटी लोरेननं त्याचं मनगट धरलं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"मी नाही हलत. तुम्ही हलताय."

त्यानं चूक ठेवली आणि हातोडी उचलली. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो उघडउघड, संडासाकडे जाणाऱ्या सगळ्या जगासमोर आणि एका गणवेशातल्या रेंजरसमोर ती ठोकत होता. पहारा द्यायचं काही कारण नव्हतं. तरीही पहिला ठोका पडताच लोरेननं चर्चमधलं ते गाणं मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. मॅरिट हसायला लागली, तिचं डोकं हललं आणि चूक वाकडी गेली. वेंडेलनं ती तशीच राहू दिली.

रेंजर टिलमन अर्जाच्या तीन प्रती हातात घेऊन उभी होती. तिनं ओंडक्यांकडे पाहिलं, चुका मोजल्या, मुलीकडे पाहिलं.

"पावती आहे ना ह्या लाकडाची?" तिनं विचारलं.

वेंडेलनं भिजलेली पावती काढून दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि परत केली.

"मग हे तुमचं लाकूड. तुम्ही त्यात काय ठोकता, ते बघायचं मला कारण नाही. पण तक्रार एकदा नोंदली, की निकाली काढायला लागते, साहेब. तपासात काय निष्पन्न झालं, ते तक्रारदारानंच इथे खाली लिहायचं असतं. मोघम नको."

वेंडेलनं चष्मा पुसला, तिचं पेन घेतलं, तिन्ही प्रतींवर सहाचा आकडा खोडला आणि खाली नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं: "चुका सतरा. सगळ्या माझ्याच."